कोंकणची बरणी व विलायतची बरणी



लोणच्यासारख्या क्षुल्लक विषयावर भाषण तें काय करावयाचें, असा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. पानाच्या डाव्या बाजूस, मीठ-लिंबाच्या शेजारीं, बोटभर जागेंत बसणारा हा पदार्थ. त्याच्यावांचून जेवण अडत नाहीं, व त्यानें कोणाचें पोटहि भरत नाहीं. तथापि घरांतील जुन्या वस्तूंप्रमाणेंच जुन्या पदार्थांसहि आपापलें शास्त्र व आपापला इतिहास असतो. आणि तो न समजतां आपण त्या पदार्थांत फेरफार करूं लागलों, म्हणजे नुकसान आपलेंच होतें. हल्लीं घरोघरीं लोणच्याच्या बाबतींत हेंच चाललें आहे. म्हणून आज मी आपणांपुढें दोन बरण्या मांडणार आहें. एक आमच्या कोंकणची व दुसरी विलायतची. दोहोंची तुलना केली म्हणजे आपल्या बरणींत आपण काय भरतों व कां भरतों, हें अधिक स्पष्ट दिसेल अशी माझी समजूत आहे.

जन्मभर शाळामास्तरकी केलेल्या मनुष्यास आधीं शब्दाकडे पाहण्याची खोड असते, तिला अनुसरून प्रथम शब्द पाहूं. लोणचें हा आपला शब्द लवण, म्हणजे मीठ, यावरून आला. इंग्रजींत लोणच्यास पिकल म्हणतात. तो शब्द डच लोकांच्या पेकेल या शब्दाच्या नात्यांतला असून पेकेल म्हणजे मिठाचा खार. दोन दूरच्या देशांनीं, एकमेकांस न विचारतां, या पदार्थाचें नांव मिठावरून ठेवावें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फळ कोणतें, मसाला कोणता, हे विचार मागाहूनचे. मूळ आधार मिठाचा. उत्तरेकडे रूढ असलेला आचार हा तिसरा शब्द फारशींतला. त्यानें समुद्रमार्गें फार मोठा प्रवास केला. त्याची हकीकत पुढें येईल.

कोणतेंहि लोणचें समजून घ्यावयाचें असेल तर त्यास दोन प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न असा कीं, या मुलखांत नासणारा जिन्नस टिकविण्यास सहज काय मिळतें? दुसरा प्रश्न असा कीं, हें लोणचें कोणत्या अन्नाच्या तोंडीं लावावयाचें आहे? ‘तोंडीं लावणें’ हा आपल्या भाषेंतील वाक्प्रचार मोठा मार्मिक आहे. लोणचें स्वतंत्रपणें जगत नाहीं. तें दुसऱ्या कशाच्या तरी सोबतीनें जगतें. तो सोबती ओळखला म्हणजे लोणच्याची चव तशीच कां, हें आपोआप कळतें.

पहिल्या बरणीसाठीं आपण कुडाळास चलूं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील हें आमचें गांव भंगसाळ नदीच्या काठीं वसलें असून, मालवण व वेंगुर्लें हीं बंदरें तेथून फार दूर नाहींत. मृग लागला म्हणजे या मुलखांत पाऊस असा कोसळतो कीं, परसांतील भाजी वाफ्यांतच कुजते. जून व जुलै या दोन महिन्यांत समुद्रांतील यांत्रिक मासेमारीस आज कायद्यानें बंदी असते. आणि कायदा नव्हता तेव्हांहि खवळलेल्या दर्यांत होडी घालण्यास सहसा कोणी धजत नसे. अशा दिवसांसाठीं चैत्र-वैशाखांतच बेगमी करावी लागे. आमसोलें वाळवावीं, बांगडा खारवून सुकवावा, फणसाचे पापड घालावे, आणि कैरी मिठांत घालावी, हा कोंकणांतील गृहिणीचा उन्हाळ्याचा ठरलेला कार्यक्रम. मीठहि जवळचेंच. वेंगुर्लें तालुक्यांतील शिरोड्याच्या मिठागरांचें नांव आपण ऐकलें असेल. १९३० सालचा तेथील मिठाचा सत्याग्रह प्रसिद्धच आहे. मिठावर कर बसला म्हणजे गरिबाची पेज व तिच्या तोंडीं लावण्याचा खार हीं दोन्हीं महागतात. तेव्हां त्या सत्याग्रहाचें मर्म आमच्याकडील स्वयंपाकघरांत निराळें समजावून सांगावें लागलें नसेल.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर या पेजेंतच आहे. उकड्या तांदळाची मऊ पेज हें कोंकणांतील कष्टकऱ्याचें सकाळचें अन्न. ती पोटास आधार देते व घामावाटे गेलेलें पाणी भरून काढते. परंतु चवीला ती जवळजवळ मुकी. मुक्या अन्नास बोलका सोबती हवा. तो सोबती म्हणजे खारांतली कैरी, नाहीं तर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. पेजेचे चार घोट व कैरीचा एक लहानसा चावा, असें तें प्रमाण असतें. घामानें गेलेलें मीठहि त्या चाव्याबरोबर परत मिळतें. म्हणूनच आमच्याकडील ही कैरी इतकी खारट असते कीं, तिचें मोठें फोडकें कोणी नुसतें खाऊं शकणार नाहीं. आणि तें तसें खाण्यासाठीं केलेलेंहि नसतें.

ही कैरी मिठांत घालण्याची रीत दिसण्यांत सोपी आहे. कोय कठीण होण्यापूर्वींची, घट्ट, मार न लागलेली कैरी घ्यावयाची. धुऊन पुरती कोरडी करावयाची. कोरड्या बरणींत कैऱ्यांचा एक थर व जाड्या मिठाचा एक थर असे रचावयाचे. वर वजन ठेवून बरणीच्या तोंडास दादरा बांधावयाचा. कांहीं दिवसांनीं पाहावें तों कैऱ्यांना पाणी सुटलेलें असतें. मिठाचा धर्मच असा कीं, तें फळांतील पाणी बाहेर ओढतें. नासविणाऱ्या जंतूंनाहि जगण्यास पाणी लागतें. तें मिठानें बांधून ठेविल्यामुळें त्यांचें कांहीं चालत नाहीं. दूध विरजणाऱ्या जंतूंच्या जातीचे कांहीं जंतु मात्र मिठास भीत नाहींत. ते त्या खारांत वाढतात, आंबटपणा उत्पन्न करतात, व त्या आंबटपणानें उरल्यासुरल्या शत्रूंस हांकलून लावतात. मीठ अशा रीतीनें वाईट जंतूंस दाराबाहेर ठेवून चांगल्यांस आंत घेतें.

फोडींचें तेलांतलें लोणचें हा आमचा दुसरा प्रकार. तो देशावरहि सर्वत्र आहे. त्यांत मीठ हा पहिला पहारेकरी, मोहरी हा दुसरा, व तेल हा तिसरा. मोहरी फेसली म्हणजे नाकास झोंबणारें जें द्रव्य तींतून सुटतें, तेंच जंतूंना मारक असतें. आणि फोडींवर तरंगणारें तेल हवा आंत जाऊं देत नाहीं, म्हणून बुरशी धरत नाहीं. फोडी तेलाच्या वर डोकें काढतां कामा नयेत, असें आपल्या आज्या सांगत. त्यांनीं जंतूंचें नांव ऐकलें नव्हतें, परंतु त्यांचा नियम शास्त्रशुद्ध होता.

आतां दुसरी बरणी उघडूं. इंग्लंडांत ऊन बेताचें, हिवाळा लांब. आणि आपल्याकडील तिळेल किंवा मोहरीचें तेल तेथल्या सामान्य घरांत वापरांत नव्हतें. परंतु जवाचें पीक मुबलक. जवाची बीर करावयाची व ती आंबवून तिचा शिरका करावयाचा, ही तेथली जुनी कृति. शिरक्यांत जें आम्ल असतें त्याचें प्रमाण शेंकडा ५ च्या आसपास. तेवढ्यानें जंतूंची वाढ खुंटते. आपल्या बरणींत जें काम तेल करतें, तें त्यांच्या बरणींत शिरका करतो. मीठ मात्र त्यांनाहि सुटलें नाहीं. भाजी आधीं रात्रभर मिठांत ठेवतात. तसें न केलें तर तिच्यांतील पाणी शिरक्यांत उतरून तो पातळ होतो, आणि पातळ शिरका राखण करीत नाहीं. मिठानें पाणी काढल्यावर भाजी निथळून तिच्यावर मिरीं, लवंगा, जायपत्री, सुंठ व मोहरी घालून उकळलेला शिरका ओततात. हा मसाला बहुतांशीं पूर्वेकडला, हें आपल्या लक्षांत आलेंच असेल.

या विलायती लोणच्यांचे सोबती कोण? पहिला सोबती म्हणजे थंड मांस. रविवारीं दुपारीं मांसाचा मोठा तुकडा भाजावयाचा, व उरलेला सोमवारीं थंडच खावयाचा, असा तेथील कुटुंबांचा जुना परिपाठ होता. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. त्या दिवशीं गृहिणीस चुलीपाशीं उभें राहण्यास सवड नसे. थंड मांसावर चरबी थिजलेली असते. तिचा ओशटपणा तोंडांतून घालविण्यास झणझणीत आंबट कांहींतरी लागतें. म्हणून डुकराच्या खारविलेल्या मांसाबरोबर मोहरी-हळदीचें पिवळें लोणचें, तर लँकेशायरांतील मांस-बटाट्याच्या रश्शाबरोबर लाल कोबीचें लोणचें, अशा जोड्या ठरून गेल्या. तळलेला मासा व तळलेला बटाटा यांबरोबर शिरका व शिरक्यांतला कांदा घेतात. आपल्याकडे तळलेल्या माशाबरोबर सोलकढी कां हवीशी वाटते, हें ज्यास ठाऊक आहे, त्यास या जोडीचें आश्चर्य वाटणार नाहीं.

अक्रोडाचें लोणचें हा तेथील एक खास प्रकार. आपण अक्रोड म्हणजे कठीण कवचाचा मेवा समजतों. परंतु उन्हाळ्याच्या आरंभीं, आंतील कवच धरण्यापूर्वीं, हिरवे अक्रोड झाडावरून उतरवितात व प्रत्येकास सुई टोंचून पाहतात. सुई आंत अडली तर तें फळ बाद. मग ते कांहीं दिवस खाऱ्या पाण्यांत ठेवतात, नंतर उन्हांत काळे होऊं देतात, व शेवटीं मसाल्याच्या शिरक्यांत घालतात. कोय धरण्यापूर्वीं कैरी उतरविणाऱ्या आमच्याकडील बायकांना ही सुईची परीक्षा पाहून हंसूं आलें असतें; कारण त्या स्वतः कैरी विळीवर धरून तीच परीक्षा करतात. हीं काळीं अक्रोडें थंड गोमांसाबरोबर व चीजबरोबर खातात.

चीज, पाव व शिरक्यांतला कांदा हें तेथील शेतकऱ्याचें जुनें जेवण. शेतावर न्यावयास सोपें, चुलीची गरज नाहीं, व काम चालू असतां खातां येण्यासारखें. पेज व कैरी यांचें आपल्याकडे जें स्थान, तेंच याचें तिकडे. आज इंग्लंडांतील खानावळींत हें ताट ‘नांगऱ्याचें जेवण’ या नांवानें मिळतें. हें नांव मात्र फारसें जुनें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत चीजवर आलेलें नियंत्रण १९५४ सालीं उठलें, आणि लोकांनीं पुन्हां चीज खावें म्हणून चीजच्या धंद्यातील मंडळानें हें नांव लोकप्रिय केलें. शेतकऱ्याच्या फडक्यांतील भाकर अशा रीतीनें शहरी मनुष्याच्या हौसेची वस्तु झाली.

येथवर दोन बरण्या निरनिराळ्या दिसल्या. परंतु त्यांचा परस्परांशीं संबंध आहे, आणि त्याचा धागा आमच्याच किनाऱ्यावरून निघतो. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. तेथें राहिलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याचें औषधी वनस्पतींवरील पुस्तक १५६३ सालीं गोव्यासच छापलें गेलें. हिरवा बिब्बा मिठांत घालून त्याचें आचार करतात व तें बाजारांत विकतात, असें त्यानें नमूद केलें आहे. पुढें यान हाउखेन फान लिन्स्खोटेन हा डच गृहस्थ गोव्यास राहून गेला व त्याचें प्रवासवर्णन १५९६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत हिरवी कैरी मिठांत घालून तिच्या पोटांत ओलें आलें व लसूण भरण्याची रीत दिली आहे. भरल्या कैरीचें हें लोणचें आपल्या घरांत आजहि होतें. डचांची वखार १७ व्या शतकांत आमच्या वेंगुर्ल्यासच होती, व तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्यांच्या भाषेंत आचार हा शब्द मलायी मुलखांतून गेला व ‘आत्यार’ या रूपानें तो आजहि नांदतो आहे.

त्या काळीं ताजा आंबा विलायतेस पोंचणें अशक्य होतें. गलबतास आफ्रिकेला वळसा घालून जाण्यास कित्येक महिने लागत. त्यामुळें इंग्रजांस आंबा ठाऊक झाला तो लोणच्याच्या रूपानेंच. आंबा म्हणजे झाडाचें गोड फळ हें त्यांना माहीत नव्हतें. आंबा म्हणजे मसाला भरलेलें आंबट कांहींतरी, एवढेंच ते जाणत. मग हीं महागडीं परदेशीं लोणचीं घरीं कशीं करावीं, याचा विचार तेथील गृहिणी करूं लागल्या. कैरी नव्हती, काकडी होती, खरबूज होतें. जॉन एव्हलिन या विद्वान् गृहस्थानें १६९९ सालीं कोशिंबिरींवर एक पुस्तक लिहिलें. त्यांत काकडीच्या ‘मँगो’ची कृति आहे. मोठी काकडी घेऊन, बिया काढून, पोटांत लसूण घालून ती मसाल्याच्या शिरक्यांत ठेवावयाची, आणि तिला आंबा म्हणावयाचें! पुढें तर लोणच्यासाठीं फळ भरण्याच्या क्रियेसच इंग्रजींत आंब्याचें नांव मिळालें. अमेरिकेंत कांहीं भागांत भरलेल्या भोपळी मिरचीस, व मागाहून साध्या भोपळी मिरचीसहि, मँगो म्हणत. फळ येथेंच राहिलें, नांव मात्र सात समुद्र ओलांडून गेलें.

मघाशीं सांगितलेल्या पिवळ्या लोणच्याची कथा अशीच आहे. त्यास पिकॅलिली म्हणतात. फुलकोबी, लहान कांदे व कोंवळी काकडी यांचे तुकडे मोहरी व हळद घातलेल्या दाट शिरक्यांत घालावयाचे. १६९४ च्या सुमारास लेडी ॲन ब्लेंको या बाईनें आपल्या हस्तलिखित वहींत हिंदी लोणचें म्हणून यासारखें नांव लिहून ठेविलें आहे. आणि हॅना ग्लास हिच्या प्रसिद्ध पाकपुस्तकाच्या १७५८ सालच्या आवृत्तींत ‘पाको-लिला’ हें हिंदी लोणचें आढळतें. त्यांतली हळद आपल्या घरची; परंतु तेल गेलें, त्या जागीं शिरका आला; कैरी गेली, त्या जागीं फुलकोबी आली; आणि पेज-भाताच्या जागीं डुकराचें थंड मांस आलें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर बदललें, दुसऱ्याचेंहि बदललें; म्हणून लोणचें बदललें.

चटणी या शब्दाचें तर त्याहून विलक्षण झालें. आपली चटणी पाट्यावर वाटलेली, ताजी, त्याच दिवशीं संपणारी. इंग्रजांची चटणी म्हणजे फळें, साखर व शिरका एकत्र शिजवून केलेला, वर्षभर टिकणारा मुरंब्यासारखा पदार्थ. आपल्या पदार्थांत तिचें खरें भावंड शोधावयाचें असेल तर तें चटणींत सांपडत नाहीं. मेथांबा व गुळांबा हीं तिचीं भावंडें. १९२२ साली बर्टन शहराजवळील ब्रॅन्स्टन या गांवीं क्रॉस अँड ब्लॅकवेल कंपनीनें काढलेलें ब्रॅन्स्टन लोणचें याच कुळांतलें. शिरका व मसाल्याच्या गोडसर, तपकिरी पाकांत गाजर, कांदा व फुलकोबी यांचे बारीक तुकडे असतात, व तें तेथें चीज-पावाबरोबर घरोघरीं खातात.

हा व्यवहार एकाच बाजूनें झाला असें मात्र समजूं नये. ज्या मिरचीवांचून आपणांस लोणचें सुचत नाहीं, ती मिरची मूळची अमेरिकेंतली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती इकडे आली. त्यापूर्वींची आपलीं लोणचीं मिरीं, आलें व मोहरी यांच्या तिखटपणावर भागत. पोर्तुगीजांची मद्य व लसूण यांत मांस मुरविण्याची रीत गोव्यास आली, तेव्हां द्राक्षाच्या मद्याऐवजीं माडाच्या सुरेचा शिरका वापरांत आला, आणि तो पदार्थ विंदालू या नांवानें प्रसिद्ध झाला. सुका बांगडा मिरची व शिरक्यांत घालून केलेला गोव्याचा पारा हाहि त्याच मिलाफांतून निघाला. तेव्हां हें अस्सल आमचें व तें निखळ परक्यांचें, असा अभिमान लोणच्याच्या बाबतींत तरी फार ताणूं नये. लोणचें जेथें जातें तेथलें होतें.

मात्र परदेशच्या इतिहासांतून एक धडा अवश्य घ्यावा. लोणचें घरांतून कारखान्यांत गेलें तेव्हां इंग्लंडांत एक अनर्थ झाला. गिऱ्हाइकास लोणचें हिरवेंगार दिसावें असें वाटे. आणि शिरका तांब्याच्या भांड्यांत उकळला कीं भाजीचा रंग हिरवागार राहतो, हें कारखानदारांस ठाऊक होतें. हा हिरवेपणा तांब्याच्या विषारी क्षाराचा. फ्रेडरिक ॲकम या रसायनवेत्त्यानें १८२० सालीं अन्नांतील भेसळीवर पुस्तक लिहून ही गोष्ट उघड केली. पुढें १८५० नंतरच्या कांहीं वर्षांत डॉ. आर्थर हिल हॅसल यानें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकासाठीं बाजारांतील नमुने तपासले, व लोणच्यांत तांबें सांपडल्याचें प्रसिद्ध केलें. १८५५ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें चौकशी झाली, आणि मोठ्या कारखान्यांनीं ही पद्धत सोडली. मग लोणचें तपकिरी दिसूं लागलें, तर गिऱ्हाइकें प्रथम नाराज झालीं!

आपल्याकडे हा नियम पार्लमेंटवांचून ठाऊक होता. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत ठेविला तर तो कळकतो, हें लहान मुलीसहि शिकविलें जाई. म्हणून लोणच्यास चिनीमातीची किंवा कांचेची बरणी. आज हा नियम नव्या भांड्यांस लावावयास हवा. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत मीठ लावलेल्या फोडी रात्रभर ठेवणें हें त्याच चुकीचें नवें रूप आहे; आंबट व खारट पदार्थ त्या धातूस खातो, आणि तो धातु मग आपण खातों.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. आज शहरांतील घरांत शीतकपाट आहे, बारमास भाजी आहे. पावसाळ्याची बेगमी कोणास करावी लागत नाहीं. लोणच्याचा पहिला प्रश्न, टिकविण्याचा, बहुतेकांच्या स्मरणांतून गेला आहे. मीठ म्हणजे केवळ चवीची बाब, अशी समजूत झाली आहे. त्यांत रक्तदाबाच्या भीतीनें पुष्कळ घरांत लोणच्यांतील मीठ व तेल निम्म्यावर आणतात, आणि बरणी मात्र जुन्या रीतीनें फडताळांत ठेवतात. श्रावण येतो तों वर पांढरी बुरशी धरते, फोडी मऊ पडतात, आणि ‘हल्लींच्या कैऱ्याच तशा’ असा दोष कैरीच्या माथीं बसतो. दोष कैरीचा नाहीं. पहारेकऱ्यास रजा दिली, आणि चोर आला.

मिठाची भीति अगदीं खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ मनुष्यानें दिवसाकाठीं ५ ग्रॅमहून कमी मीठ खावें. आपण हिशेब करूं. एक किलो फोडींस घरोघरीं सुमारें १५० ते २०० ग्रॅम मीठ घालतात. तेल-मसाला धरून एकंदर लोणचें दीड किलोच्या जवळपास भरतें. म्हणजे १० ग्रॅमच्या एका फोडींत सुमारें १ ते सव्वा ग्रॅम मीठ आलें. एक फोड चाखली तर तें मीठ दिवसाच्या हिशेबांत बसवितां येतें; कोशिंबिरीप्रमाणें चार फोडी वाढून घेतल्या तर दिवसभराचें मीठ तेथेंच संपत आलें. ज्यास वैद्यानें मीठ वर्ज्य केलें आहे, त्यानें अर्थातच वैद्याचें ऐकावें. इतरांस माझें सांगणें एवढेंच कीं, मीठ कमी करावयाचें तें पानांत करावें, बरणींत करूं नये. आणि कमी मिठाचेंच हवें असेल तर कैरीचा तक्कू करावा, शीतकपाटांत ठेवावा, व चार-आठ दिवसांत संपवावा. वर्षाच्या लोणच्याचें मीठ वर्षाच्या लोणच्यासच लागतें.

दुसऱ्या प्रश्नाचेंहि विस्मरण होत आहे. पेज शहरांतून गेली, आणि आमच्याकडील खेड्यांतूनहि ती हळूहळू जात आहे. पेज गेली म्हणजे खारांतली कैरी एकाकी पडते. इतकी खारट वस्तु पोळीबरोबर कशी खावी, असें नव्या पिढीस वाटतें, व तें खरेंहि आहे. ती पोळीसाठीं जन्मलीच नव्हती. इंग्लंडांत नांगऱ्याच्या जेवणास नवें नांव मिळालें, आणि शिरक्यांतल्या कांद्याचा सोबती सुटला नाहीं. आमच्या पेजेसाठीं असें मंडळ कोणी स्थापलेलें नाहीं. तें काम घरांतच व्हावयास हवें. आठवड्यांतून एक दिवस सकाळीं उकड्या तांदळाची पेज, वर ओल्या खोबऱ्याची चिमूट व तोंडीं लावण्यास कैरीचा लहानसा तुकडा, एवढा खटाटोप शहरांतील कोणत्याहि घरास परवडेल. मुलांना एकदां तरी ही जोडी जोडीनें खाऊं द्यावी. मग लोणच्याची चव त्यांना समजावून सांगावी लागणार नाहीं.

येत्या उन्हाळ्यांत ज्यांना बरणी भरावयाची आहे, त्यांनीं कैरी कोरडी, बरणी कोरडी, मीठ पुरेपूर, आणि फोडी तेलाखालीं, एवढें सांभाळावें. त्यापुढें वर्षभर सांभाळण्याची गोष्ट एकच : फोड काढतांना चमचा ओला नसावा.